समुद्रातून आणलेला थकवा

परवा आमच्या शाळेतले इंग्रजीचे सर लक्षद्वीपहून आले. स्टाफरूममध्ये सगळ्यांना सुक्या खोबऱ्याच्या वड्या वाटल्या आणि सहज म्हणाले, "पाण्याखाली जाऊन आलो हो बाई. भारी मजा. फक्त तेव्हापासून जरा दमल्यासारखं वाटतंय. प्रवासाचा शीण असेल." मी हातातली वडी खाली ठेवली आणि त्यांच्या अंगावर ओरडले, "शीण कसला डोंबलाचा? पायाला मुंग्या येतात का? लघवी नीट होते का?" बिचारे सर! सगळ्या स्टाफसमोर लाल झाले. हेडबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला बाहेर जावं लागलं.

सरांना काही झालेलं नव्हतं. दोन दिवसांत ठणठणीत झाले. पण मी अशी का ओरडले हे सगळ्यांना एकदा नीट सांगावं असं वाटलं, म्हणून लिहायला बसले आहे. मी पी.टी.ची बाई. मला शिट्टी वाजवता येते, लिहिणं जमेल तसं.

माझी ओळख

माहेर जामनेरकडचं. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबांनी मला मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकवलं. कमरेला दोर बांधून काठावरून सरळ ढकलून दिलं, वर "बेडकी शे माही पोर!" म्हणून हसले. पुढे कॉलेजात पोहण्याच्या स्पर्धा, कबड्डी, मग बी.पी.एड. लग्न होऊन अमळनेरला आले तेव्हा सासरच्या बायका म्हणायच्या, नवरीचे दंड पाहा, पैलवानाची पोर दिसते.

थकवा मला माहीत होता. कापूस वेचून येणारा थकवा वेगळा, दिवसभर मैदानात उभं राहून येणारा वेगळा. पण दोन्हींचा गुण एकच. भाकरी पोटात गेली आणि रात्रभर झोप झाली की सकाळी नाव नाही. मी सांगणार आहे तो थकवा झोपून उठलं की वाढलेला असायचा.

गोवा

लग्न मार्गशीर्षात झालं. आमच्यात नवी जोडी आधी सप्तशृंगीच्या गडावर जाते, देवीची ओटी भरते, मग बाकीचं. पण ऐन वेळी माझी पाळी आली. बाहेर बसलेल्या नवरीला देवीपुढे कशी न्यायची? गोव्याचं बुकिंग झालेलं होतं. सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, तोड काढली. आधी गोव्याला जाऊन या, येताना परस्पर गडावर या, आम्ही तिथे भेटतो, आणि देवीची ओटी भरूनच घरात पाऊल टाका.

माझा नवरा प्रमोद पतपेढीत आहे. त्याला गुडघाभर पाण्याचीही भीती. किनाऱ्यावर एक माणूस हौशी लोकांना पाठीला हवेची टाकी बांधून समुद्राखाली नेत होता. तेव्हा ते फार नवीन होतं. प्रमोद म्हणाला, "तू जा. मी चपला सांभाळतो."

मी गेले. काय सांगू! खाली सगळं निळं-हिरवं, आणि आवाज फक्त आपल्या श्वासाचा. मला ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. शिकवणारा म्हणाला, तुम्ही माशासारख्या आहात, आणि मला बाकीच्यांपेक्षा खोल नेलं. तिथे एक बुडालेलं जहाज होतं. शेवटच्या सकाळी वर येताना माझ्या मास्कमध्ये पाणी गेलं, मी गडबडले आणि त्याने हाताने थोपवायच्या आत भसकन वर आले. नाकातोंडात खारट पाणी गेलं आणि मी खोकत खोकत हसत सुटले.

निघताना त्याने बजावलं होतं, "उद्यापर्यंत विमानात बसायचं नाही हं." आम्ही दोघं खो खो हसलो. प्रमोद म्हणाला, "अहो, अमळनेरला कुठलं विमान? आम्ही लाल डब्याने जाणारी माणसं!"

त्याच दुपारी आमची बस घाट चढून कोल्हापूरकडे निघाली.

गड

घाटातच मला पेंग आली. पोटावर आणि मांड्यांवर खाज सुटली म्हणून पदराआडून पाहिलं तर निळसर-लाल चट्टे, जाळीसारखे. प्रमोदला म्हटलं, खारं पाणी बाधलं बहुतेक. तो म्हणाला, घरी गेल्यावर खोबरेल लाव.

नाशिकपर्यंत मी झोपूनच आले. तरी उतरताना पाय उचलवेना. हसून म्हटलं, नवरी आहे, उचलून घे. प्रमोदने बॅगा उचलल्या.

गडावर अक्का आधीच जीपने येऊन थांबल्या होत्या. हातात खण, नारळ, हिरव्या बांगड्या. अक्का म्हणजे शिस्तीची बाई. पांढऱ्या सुती लुगड्याला कधी सुरकुती नाही. मी पायऱ्यांपाशी बसले आणि म्हटलं, "अक्का, मी इथूनच हात जोडते. मला चढवत नाही."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "नवी नवरी शे तू. चढीसनच जानं लागस. माय हाक मारी राह्यनी आनि तू बठी राहशी?"

मी चढले. का नाही चढणार? मी पी.टी.ची बाई, सासूपुढे पहिल्याच महिन्यात हार मानू? अर्ध्या वाटेत तळव्यांना मुंग्या आल्या. मग तळवे गेलेच. म्हणजे होते, पण दगड गार आहे की गरम ते कळेना. देवीसमोर उभी राहिले तेव्हा गुडघे लटपटत होते. मागच्या बायका म्हणाल्या, अंगात येतंय वाटतं. कोणीतरी माझ्या कपाळाला कुंकू फासलं.

उतरताना प्रमोदने एका बाजूने धरलं, दुसऱ्या बाजूने अक्कांनी. अक्का खूश होत्या. देवीने सुनेला हलवलं असं त्यांना वाटत होतं. मला मात्र पहिल्यांदा भीती वाटली. आजवर माझ्या शरीराने मला कधी असं टाकून दिलं नव्हतं.

गोड बातमी

घरी आले आणि आडवी झाले ती उठेचना. डोकं जड, अंग जड, चहाचा कप धरला तरी मनगट दुखायचं. चट्टे दोन दिवसांत गेले, पण दम गेलेला परत येईना.

गल्लीतल्या बायका पाहायला आल्या. सगळ्यांचं निदान एकच. "काय बाई, इतक्या लवकर? गोव्याचा गुण!" अक्कांनी तर मला इकडची काडी तिकडे करू दिली नाही. "तुले दिन गयात, बेटा. पडी रहा." अहो, पाळी संपून आठवडा-दीड आठवडा झाला होता! मी प्रमोदला म्हटलं, तुझ्या आईला हिशोब येत नाही का? तो म्हणाला, "तिला आनंद होतोय ना, होऊ दे." मला इतका राग आला की उशी फेकून मारली. ती त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. माझ्या हातून सुटून माझ्याच पायावर पडली, आणि डाव्या पायाला ती पडलेली कळलीच नाही.

कौतुक ओसरल्यावर तर्क सुरू झाले. अक्का म्हणाल्या, डोया पिवया दिखतस, कावीळ शे. एका म्हाताऱ्याने गळ्यात काविळीची माळ घातली. ती वाढत वाढत पायापर्यंत गेली की कावीळ उतरली असं समजायचं. माळ वाढली, मी तशीच. मग गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. टायफॉइड नाही, मलेरिया नाही, रक्त थोडं कमी. "वीकनेस आहे. लग्नाची धावपळ." सलाईन लावलं, लाल औषधाची इंजेक्शनं दिली. घरात सगळ्यांना बरं वाटलं. सलाईनची बाटली टांगली की घरच्यांना वाटतं, चला, काहीतरी चाललंय.

आबा जामनेरहून आले. दारातच माझ्याकडे पाहून खाली बसले. "काय झालं वं माय तुले?" मी गोव्याचं सगळं सांगितलं. टाकी, मास्क, जहाज. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "खोल पान्यात गेलती. आसरांनी धरली असंल." पाण्यातल्या सात बहिणी, आसरा. त्या तरण्या पोरीवर भाळतात आणि तिला ओढून घेतात, असं आमच्याकडे मानतात. ज्या बापाने मला दोर बांधून विहिरीत ढकललं तोच आता असं बोलत होता. आबा परत गेले आणि मळ्यातल्या विहिरीवर हिरवा खण आणि नारळ ठेवून आले. मी तेव्हा हसले. पण एकटी असताना मनात यायचं, खरंच कोणीतरी धरलं असेल तर? पाय तर कोणीतरी धरल्यासारखेच वाटत होते.

थंडीचे दिवस होते. घरोघरी वांगी भाजत होती, भरिताचा वास गल्लीभर. मला घास चावायचाही कंटाळा यायचा.

टोचतंय का?

एका सकाळी उठले तर लघवीला होईना. पोट फुगून दगड झालं, पण काही केल्या होईना. उभी राहायला गेले आणि डावा पाय मागेच राहिला. मोरीच्या दारात पडले. ओठ फुटला. अक्का धावत आल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं ते गोड बातमीचं हसू पहिल्यांदा पुसलं गेलेलं दिसलं.

जीप करून धुळ्याला नेलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला मी किंचाळत होते. दवाखान्यात नर्सने नळी घातली. आधी लाज वाटली, मग ती पिशवी भरताना पाहून असं सुख वाटलं की मी त्या नर्सचा हात धरून रडले.

डॉक्टर साठीचे होते. चष्मा नाकाच्या टोकावर. हातात टाचणी. मला म्हणाले, डोळे मिटा, आणि टोचलं की सांगा.

मी डोळे मिटले. वाट पाहिली. काहीच नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, सुरू करा ना."

मी डोळे उघडले. ते माझ्या डाव्या घोट्यावर टाचणी टोचत होते. ओटीपोटापासून खाली बारीक लाल ठिपके दिसत होते. वरचं सगळं त्यांचं टोचून झालेलं होतं.

आजारातली सगळ्यात वाईट घटका कोणती म्हणून कोणी विचारलं तर मी ही सांगते. ना नळी, ना मोरीतलं पडणं. आपलंच मांस समोर टोचलं जातंय आणि आपल्याला पत्ता नाही.

प्रमोद विचारत होता, "काय झालंय डॉक्टर? बरी होईल ना?" डॉक्टरांनी टाचणी ट्रेमध्ये ठेवली. "मणक्यातल्या मज्जारज्जूला काहीतरी झालंय. काय, ते मला माहीत नाही." तोवर ज्याने त्याने ठाम सांगितलं होतं. दिवस गेलेत, कावीळ आहे, वीकनेस आहे, आसरा आहे. माहीत नाही म्हणणारा हा पहिला माणूस. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण उलट धीर आला.

खुर्ची ओढून ते बसले. "आता सावकाश सांगा. दमायला नेमकं कधी लागलं? त्याआधी काय काय केलंत?"

मी गोव्यापासून सांगितलं. ते मध्ये मध्ये विचारत होते. किती खोल? किती वेळा? वर कशा आलात? मग पुढे? बस, घाट, गड. विमानाची थट्टाही सांगितली. ती ऐकताना त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"माझा एक वर्गमित्र नौदलात डॉक्टर आहे. मुंबईला असतो. त्याला फोन लावतो," म्हणाले.

दवाखान्यातले दिवस

फोन लागेपर्यंत मी त्या वॉर्डात पडून होते. पहाटे झाडूवाली फिनेल मारायची, मग चहा, मग नळीची पिशवी बदलायची, मग डॉक्टरांची फेरी. रोज पुन्हा टाचणी. रोज ती बधिर रेषा थोडी वर सरकलेली असायची. डॉक्टर तोंडाने काही सांगायचे नाहीत, पण टाचणी कुठे थांबते हे मी पाहत होते. काल बेंबीच्या खाली, आज बेंबीवर. उद्या कुठे? ही रेषा छातीपर्यंत आली तर श्वासाचं काय? हे मी कोणाला विचारलं नाही. उत्तर ऐकायचं नव्हतं.

शेजारच्या खाटेवर साक्रीकडची एक बाई होती, फ्रॅक्चरची. ती मला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भाजी भरवायची. "खाय व माय, नही ते मरशी," असं तोंडावर म्हणायची. तिचं ते म्हणणं मला आवडायचं. बाकी सगळे माझ्यापुढे हसत यायचे आणि बाहेर जाऊन कुजबुजायचे.

प्रमोद रोज दाढी न करता यायचा. एकदा त्याने विचारलं, पाय चेपू का? मी म्हटलं, "चेप की. मला थोडंच कळणार आहे." तो बाहेर निघून गेला आणि बराच वेळ आलाच नाही. मी असं बोलायला नको होतं, पण जीभ आवरत नव्हती.

मग फोन लागला. डॉक्टर प्रमोदला, अक्कांना आणि प्रमोदच्या काकांना, म्हणजे नानांना, घेऊन माझ्या खाटेपाशीच आले. मला वगळून बोलले नाहीत, हे मी त्यांचं विसरणार नाही.

"गोटीसोड्याची बाटली पाहिली आहे ना?" म्हणाले. "गोटी दाबली की गॅस फसफसून वर येतो. खोल पाण्यात दाबाने हवेतला गॅस रक्तात मुरतो. सावकाश वर आलं तर तो हळूहळू निघून जातो. ह्या घाईने वर आल्या, वर तीन दिवस लागोपाठ गेलेल्या. रक्तात बुडबुडे झाले. ते मज्जारज्जूत अडकले. त्या थकव्याचं कारण तेच होतं."

"मग आता?" नाना.

"नौदलाकडे दाबाची खोली असते. तिच्यात ठेवून पुन्हा दाब देतात, प्राणवायू देतात. उशीर झालाय. पण जेवढं परत मिळेल तेवढं मिळवायचं. आजच निघा." आणि मग बोट उचलून, "पण उंचीवर नेऊ नका. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, बुडबुडे फुगतात. कसारा घाट नको. सुरतेवरून जा."

मी अक्कांकडे पाहत होते. त्यांनी पदराचं टोक तोंडाशी नेलं आणि तिथेच धरलं.

सुरतेवरून

नानांनी जीप ठरवूनच ठेवली होती, नाशिकमार्गे. ते भडकले. "मुंबईला कोणी सुरतेवरून जातं का? हा द्राविडी प्राणायाम कशाला? पोरीचा एकेक तास जातोय आणि तुम्ही पॅसेंजरने न्यायचं म्हणता? घाट तो केवढासा, पंधरा-वीस मिनिटांचा!"

त्यांचं चुकत होतं असं मला अजूनही म्हणवत नाही. तासही जात होते आणि घाटही होता. कुठला धोका मोठा, हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मी माझं सांगितलं, निर्णय तुमचा.

प्रमोद नानांपुढे कधी मान वर करत नसे. शिक्षण, नोकरी, लग्न, सगळं नानांनी ठरवलेलं. तो उभा राहिला. म्हणाला, "नाना, ती सुरतेवरून जाईल."

"आणि वाटेत काही झालं तर?"

"तर माझ्यावर."

तापीकाठची ती रेल्वेलाइन आमच्या अमळनेरवरूनच जाते. घाट नाही, डोंगर नाही. धुळ्याहून परत अमळनेरला आणलं, स्ट्रेचरसकट डब्यात चढवलं. डॉक्टरांनी प्राणवायूचं नळकांडं आणि एक कंपाउंडर दिला होता. गाडी स्टेशनास्टेशनाला थांबायची. दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर. फलाटावरची माणसं खिडकीतून डोकावायची, मेली की जिवंत ते पाहायची. एक जण तर म्हणाला, गेली वाटतं. मी डोळे वटारले तेव्हा पळाला.

मी सगळ्या वाटेत एकच करत होते. बोटाने पोट चाचपून पाहत होते, रेषा कुठे आहे ते. नवापूरला ती बरगड्यांच्या जवळ होती. मी प्रमोदला सांगितलं नाही. सांगून काय करणार होता तो, गाडी ढकलणार होता?

अक्का समोरच्या बाकावर बसून होत्या. पाणी पाजायच्या, तोंड पुसायच्या, पण बोलत नव्हत्या. अमळनेरहून मुंबईपर्यंत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, कंटाळल्या. एवढी धडधाकट म्हणून आणलेली सून आणि ही अशी निघाली.

लोखंडी खोली

ती दाबाची खोली म्हणजे आडवी ठेवलेली मोठी लोखंडी टाकी. गोल खिडक्या. आत दोन बाक. तोंडाला मुखवटा. दार लावताना जो आवाज झाला तो मी जन्मात विसरणार नाही. बरोबर एक जवान असायचा. तो म्हणाला, "कान दुखले तर सांगा, बाई. आवंढा गिळा." दाब वाढला की आत भट्टी व्हायची, उतरवताना हुडहुडी भरायची. बाहेर खिडकीत प्रमोदचं तोंड दिसायचं, काचेमुळे वाकडं झालेलं.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिथले मोठे डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, आशा सोडू नका, पण धरूनही बसू नका. ह्याला काय अर्थ आहे? मी रात्रभर त्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या.

मग एकदा आत बसलेली असताना मला काहीतरी जाणवलं. ओळखीचं होतं पण नाव आठवेना. ओटीपोटात दाटल्यासारखं. मग कळलं, आणि मी मुखवटा काढून ओरडले, "मला लघवीला लागलीय!" तो जवान दचकला. मी पुन्हा ओरडले. एखादी बाई एवढ्या आनंदाने हे ओरडते हे त्याने कधी ऐकलं नसावं. तो हसायला लागला, मी रडायला लागले. बाहेर प्रमोदला वाटलं, आत काहीतरी झालं. तो काचेवर मुठी मारत होता.

तिथून रेषा खाली उतरू लागली. पोट आलं, उजवी मांडी आली, उजवं पाऊल आलं. मी भिंत धरून उभी राहिले. दोन पावलं टाकली.

छातीची तपासणी झाली तेव्हा कळलं, हृदयाच्या पडद्याला जन्मापासून बारीक भोक आहे. एरवी आयुष्यभर कळलंही नसतं. पण बुडबुडे फुप्फुसात गाळले जायच्या ऐवजी त्या भोकातून थेट पलीकडे गेले. विहिरीत, शर्यतीत, कबड्डीत, ते भोक सगळीकडे माझ्याबरोबर होतं, आणि मी स्वतःला पोलादाची समजत होते.

डावं पाऊल यायचं राहिलं. आज येईल, उद्या येईल म्हणून आम्ही थांबलो. शेवटी डॉक्टर म्हणाले, "जे यायचं होतं ते आलं. आता घरी जा." जाताना त्यांनी प्रमोदला बाजूला घेऊन विचारलं, गोव्याहून निघाल्यावर कुठल्या डोंगरावर नेलं होतं का? प्रमोदने मला ते नंतर सांगितलं, आणि म्हणाला, हे अक्काला कधी कळू द्यायचं नाही. मी मान डोलावली.

घरी

आम्ही सुरतेवरूनच परत आलो. आता तशी गरज नव्हती, पण घाटाकडे पाहायची माझी हिंमत नव्हती. अजूनही नाही.

थकवा पूर्ण गेलेला नाही. दुपारी तिसऱ्या तासाला येतो. साधा थकवा असेल, मैदानावर उभं राहून कोण दमत नाही? पण आला की मी मुलींना पळायला लावते, स्वतः कडुनिंबाच्या सावलीत जाते आणि कोणी पाहत नाही असं बघून उजव्या पोटरीला चिमटा काढते. दुखली की बरं वाटतं. एखाद्या दिवशी दुखणार नाही, ही भीती मनातून जात नाही. डॉक्टर म्हणतात, तसं होणार नाही. ठीक आहे. त्यांची पोटरी नाही ती.

तुमच्यापैकी कोणी पाण्याखाली जाऊन आलं आणि दमलं, तर बहुतेक वेळा ते उन्हाने, पोहण्याने, जागरणानेच असेल. पण झोपूनही उतरत नसेल, अंगावर चट्टे आले, मुंग्या आल्या, तर लाजू नका, हसण्यावारी नेऊ नका, आणि डॉक्टरांना सगळं पहिल्यापासून सांगा. विमान नको म्हणजे डोंगरही नको, हेही ध्यानात ठेवा. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

डाव्या पायातली चप्पल निसटते. निसटली की मला कळत नाही. अनवाणी पुढे जाते, आणि काटा रुतून रक्त आलं तरी घरी गेल्यावरच दिसतं.

एकदा अक्कांबरोबर बाजाराला निघाले होते. आमच्याकडे सासू पुढे चालते, सून मागे. तसंच चाललो होतो. बाजाराच्या कोपऱ्यावर अक्कांनी मागे वळून पाहिलं, तर माझा पाय काचेने चिरलेला, आणि चप्पल कुठे पडली कोण जाणे. त्यांनी मला एका दुकानाच्या फळीवर बसवलं. पदराने पाय बांधला. बांधता बांधता, वर न पाहता, विचारलं, "तू गडवर चढनी, म्हनीसन हुयनं का हाई?"

प्रमोदला दिलेला शब्द आठवला. नाही म्हणायला तोंड उघडलं. पण त्या आगगाडीतल्या सबंध वाटेवरचं त्यांचं गप्प बसणं एकदम समोर आलं. त्या मला कंटाळल्या नव्हत्या. धुळ्याच्या त्या वॉर्डापासून त्या हाच प्रश्न घेऊन बसल्या होत्या, आणि कोणी त्यांना खरं सांगत नव्हतं. माहीत नसण्याचा तो त्रास मला माहीत होता.

मी म्हटलं, "आधी समुद्रामुळे झालं, अक्का. पण गडावर वाढलं. हो."

त्यांनी गाठ पक्की केली. बराच वेळ माझा तो बधिर पाय मांडीवर घेऊन बसल्या. रस्त्यावरून येणारे-जाणारे पाहत होते, सासूच्या मांडीवर सुनेचा पाय. त्यांनी पर्वा केली नाही. मला त्यांचा हात लागत नव्हता, फक्त दिसत होता.

मग उठल्या, मागे जाऊन चप्पल शोधून आणली, माझ्या पायात घातली. मी नेहमीसारखी थांबून राहिले, त्यांनी पुढे व्हावं म्हणून.

अक्का हलल्या नाहीत.

"तू पुढे चाल, बेटा," म्हणाल्या. "मी मांगे शे."